झालेले काम पुन्हा का करावे?

हैदराबादच्या माधापूर भागात संध्याकाळच्या वेळी एखाद्या संगणक-कचेरीत आपण गेलात, तर एक चमत्कारिक दृश्य आपल्या नजरेस पडेल. चांगली शिकलेली, चांगला पगार घेणारी माणसे आपापल्या यंत्रासमोर हात बांधून बसलेली असतात. कोणी चहाचा पेला घेऊन खिडकीशी उभा असतो, कोणी शेजाऱ्याशी हलक्या आवाजात गप्पा मारीत असतो. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक सरकत असतात. 'काय चालले आहे?' असे विचारलेत, तर उत्तर मिळते, 'बिल्ड चालू आहे.' म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामची बांधणी यंत्र करीत आहे, आणि ती होईपर्यंत माणसाला काही काम नाही. ही प्रतीक्षा कधी पाच मिनिटांची, कधी पाऊण तासाची, आणि काम मोठे असेल तर दोन-तीन तासांचीही असते. १९९८ साली येथे सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली. तेव्हापासून या शहरातल्या किती संध्याकाळी अशा हात बांधून गेल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आज मला बोलावयाचे आहे ते या वाट पाहण्याविषयी, आणि ती कमी करणाऱ्या एका साध्या युक्तीविषयी. युक्ती साधी असली तरी सावधपणे वापरावी लागते, हे मी अनुभवाने शिकलो आहे. तो अनुभवही ओघाने सांगेन.

यंत्र त्या वेळात करते काय? तर भाषांतर. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला मात्र केवळ शून्य आणि एक यांचीच भाषा कळते. या दोहोंमधील दुभाषाला कंपायलर म्हणतात. भाषांतर हे कष्टाचे काम आहे, हे हैदराबादला कोणी नव्याने सांगावयास नको. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, त्याच्यासाठी पुस्तके तयार करणारा भाषांतर विभाग, 'दारुत्तर्जुमा', येथे स्थापन झाला होता. पदार्थविज्ञानापासून इतिहासापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणावयाचे होते. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्याकडील अनेक घरांतील आजोबा-पणजोबा याच पुस्तकांवर शिकले. या विभागाच्या जोडीला परिभाषेच्या समित्या होत्या. एकेका शास्त्रीय शब्दासाठी विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत, वाद घालीत आणि शेवटी एक प्रतिशब्द ठरवीत. तो ठरला की पुढच्या भाषांतरकाराने तोच घ्यावयाचा. प्रत्येक पुस्तकाच्या वेळी, प्रत्येक शब्दासाठी, तीच सभा पुन्हा भरली असती, तर पहिले पाठ्यपुस्तक तरी विद्यार्थ्यांच्या हाती वेळेवर पडले असते का?

आमच्या संगणक-कचेऱ्यांत नेमकी तशीच सभा रोज भरते. कंपायलर हा अतिशय हुशार, अतिशय कष्टाळू, परंतु पूर्णपणे विसराळू भाषांतरकार आहे. काल संध्याकाळी त्याने एखादे पान भाषांतरित केले आणि आज सकाळी आपण तेच पान, एका स्वल्पविरामाचाही फरक न करता, पुन्हा त्याच्यापुढे ठेवले, तर तो पहिल्या शब्दापासून पुन्हा आरंभ करतो. काल हे केले होते, याची त्याला आठवण नसते.

गंमत अशी की, कंपायलर या शब्दाचा मूळ अर्थ भाषांतरकार असा नाहीच. तो 'संकलक' असा आहे. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषीने 'ए-झिरो' नावाची योजना सिद्ध केली. एकदा लिहून तपासलेले प्रोग्रामचे तुकडे फितीवर जपून ठेवावयाचे, आणि लागतील तसे ते गोळा करून नवा प्रोग्राम जुळवावयाचा, अशी ती योजना होती. म्हणजे झालेले काम पुन्हा करू नये, हीच कंपायलरच्या जन्मामागची प्रेरणा होती. पुढे १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार केला, आणि भाषांतराचे काम खऱ्या अर्थाने यंत्राकडे गेले. त्यानंतर प्रोग्राम वाढत गेले. आज लिनक्स या संगणक-प्रणालीच्या केवळ गाभ्यातच दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. इतका मजकूर एका फाईलीत कोणी ठेवीत नाही. तो हजारो फाईलींत विभागलेला असतो, प्रत्येक फाईलीचे भाषांतर स्वतंत्रपणे होते, आणि शेवटी ते सारे तुकडे एकत्र जोडले जातात.

या विभागणीमुळे काही फाईली वगळण्याची सोय झाली. १९७६ साली बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. ते फाईलींवरील तारीख-वेळ पाहते. मूळ फाईल तिच्या भाषांतराहून नवी दिसली तर भाषांतर पुन्हा करावयाचे, जुनी दिसली तर सोडून द्यावयाचे. युक्ती नामी आहे आणि आजही ती वापरात आहे. परंतु तारीख म्हणजे मजकूर नव्हे. समजा, मी आज नव्या आवृत्तीवर काम करीत आहे. दुपारी गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हणून मला जुनी आवृत्ती काढून तपासावी लागली. संध्याकाळी मी पुन्हा नव्या आवृत्तीवर आलो. या जाण्यायेण्यात बदललेल्या फाईली पुन्हा लिहिल्या गेल्या आणि त्यांच्यावर आजची वेळ पडली. मजकूर सकाळचाच आहे, पण 'मेक'ला ते सारे नवे दिसते. आणि त्यांतली एखादी सामाईक व्याख्यांची फाईल असेल, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या शेकडो फाईलींचेही भाषांतर पुन्हा सुरू होते. हात बांधून बसण्याची वेळ बहुधा अशी येते.

मग तारखेऐवजी मजकूरच का पाहू नये? एकदा काढलेले उत्तर टिपून ठेवावे आणि तोच प्रश्न पुन्हा आला की टिपणातून द्यावे, ही कल्पना डोनल्ड मिची यांनी १९६८ साली 'नेचर' नियतकालिकातील एका लेखात मांडली होती. कंपायलरच्या बाबतीत ती प्रथम एरिक थिले यांनी 'कंपायलरकॅशे' या छोट्या साधनात उतरविली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने २००२ साली 'सीकॅशे' लिहिले. ट्रिजेल यांचे नाव सांबा आणि आरसिंक या साधनांमुळे संगणक-जगात आधीच परिचित होते. २०१० पासून सीकॅशेची देखभाल जोएल रोसडाल यांच्याकडे आहे. हे साधन विनामूल्य आहे आणि त्याची घडण कोणासही उघडून पाहता येते.

'कॅशे' हा शब्द मूळचा फ्रेंच. लपवून ठेवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. रानावनांत हिंडणारे फ्रेंच शिकारी आपला शिधा जमिनीत खड्डा करून पुरून ठेवीत, त्यालाही हेच नाव होते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: पेव. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे होती, ती प्रसिद्धच आहेत. कंपायलरचे हे पेव म्हणजे संगणकाच्या डिस्कवरील एक राखीव जागा. तेथे झालेली भाषांतरे पुरून ठेवावयाची.

आता खरा प्रश्न येतो. पेवात हजारो भाषांतरे पडली आहेत. त्यांतले मला हवे ते हेच, हे ओळखावे कसे? सीकॅशे कंपायलरच्या दारात उभे राहते. भाषांतरासाठी आलेली प्रत्येक फाईल ते आधी आपल्या हाती घेते आणि तिचा 'ठसा' काढते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा मजकुरावर गणिती संस्कार करून काढलेल्या एका लांबलचक आकड्यावरून तो मजकूर ओळखला जातो. मजकुरात एक अक्षर बदलले तरी आकडा पार वेगळा येतो, आणि दोन भिन्न मजकुरांचा आकडा एकच येण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानण्याइतकी कमी असते. या ठशासाठी पूर्वी 'एमडी४' ही पद्धत वापरीत. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून 'ब्लेक३' वापरतात. ठसा पेवाच्या नोंदीत सापडला, तर भाषांतर तेथूनच काढून दिले जाते. कंपायलरला हाकही मारावी लागत नाही. सापडला नाही, तर कंपायलर आपले काम करतो, आणि निघालेले भाषांतर पुढच्या वेळेसाठी पेवात जाते.

परंतु ठसा कशाकशाचा काढावयाचा? केवळ त्या फाईलीचा काढून भागत नाही. फाईलीने ज्या सामाईक व्याख्या मागविल्या असतील, त्या सगळ्यांचा मजकूर त्यात धरावा लागतो. कंपायलरला दिलेल्या सूचना धराव्या लागतात. कारण 'वेगवान कर' असे सांगितले तर एक भाषांतर निघते आणि 'तपासणीस सोयीचे कर' असे सांगितले तर दुसरे. शिवाय स्वतः कंपायलर कोणता, हेही धरावे लागते. काही वेळा फाईल कोणत्या जागी ठेवली आहे, हेसुद्धा धरले जाते. कारण दोष शोधण्यासाठी जी माहिती भाषांतरात भरतात, तीत त्या जागेचा पत्ता असतो. मूळ मजकुरात 'आजची तारीख येथे घाल' असे लिहिले असेल, तर कालचे भाषांतर आज चालणार नाही, म्हणून तारीखही ठशात येते.

तात्पर्य असे की, सारखेपणाची व्याख्या करणे हेच या विद्येचे मर्म आहे. ती फार सैल केली तर चुकीचे उत्तर हाती येते. फार घट्ट केली तर पेव भरलेले असूनही काही मिळत नाही. आमच्या कचेरीत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांनी एक सामाईक पेव वापरावयास घेतले आणि आठवडाभर एकाचा दुसऱ्याला काडीचाही उपयोग झाला नाही. शोध घेतल्यावर कळले की, दोघांच्या फाईली आपापल्या नावाच्या कप्प्यात होत्या. मजकूर एक, पत्ते दोन, म्हणून ठसेही दोन. पत्त्याचा तेवढा भाग गाळण्याची सूचना सीकॅशेला दिली, आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या पंचवीस मिनिटांच्या कामाला दुसऱ्याला जेमतेम तीन मिनिटे लागली. त्या दिवशी आमच्याकडील चहा गरम असतानाच संपला.

ही झाली घट्टपणाची कथा. सैलपणाची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि तीत माझाही दोष आहे.

काही वर्षांपूर्वी मी येथील एका कंपनीत एका गटाचा प्रमुख होतो. नांदेडहून आलेली एक मुलगी आमच्या गटात नव्याने लागली होती. आमच्या प्रोग्राममध्ये एक हिशेब क्वचित चुकत असे. तिने चार दिवस खपून असे अनुमान काढले की, आमचा मजकूर बरोबर आहे; कंपायलरच त्या एका जागी चुकीचे भाषांतर करतो. नवशिक्याने कंपायलरला दोष द्यावा, हे आमच्या धंद्यात उद्धटपणाचे लक्षण समजतात. तरीही कंपायलरची सुधारलेली आवृत्ती बसवून पाहण्याचे ठरले. ती बसविली, सारी बांधणी नव्याने केली, आणि हिशेब पुन्हा चुकला. बैठकीत मी तिला म्हणालो, 'आता तरी आपला मजकूर नीट तपासून पाहा.' तिने मान खाली घातली. दोन दिवस ती तोच मजकूर ओळीओळीने वाचीत बसली.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, 'सर, एवढी मोठी बांधणी सहा मिनिटांत झाली कशी? कंपायलर नवा आहे, तर पेवातले जुने काहीच चालायला नको होते.' मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तसाच गप्प राहिलो. आमच्याकडे कंपायलर थेट वापरीत नसत. त्याच्यापुढे एक छोटी मध्यस्थ फाईल होती. ती हाक ऐकून पुढे कंपायलरला सांगत असे. कंपायलर बदलला की नाही, हे सीकॅशे सामान्यतः त्या कार्यक्रमाच्या फाईलीची तारीख आणि आकारमान पाहून ठरविते. त्याला दिसत होती ती मध्यस्थ फाईल, आणि ती तर जुनीच होती. आतला कंपायलर बदलला तरी दारावरची पाटी बदलली नव्हती. म्हणून जुन्या कंपायलरची जुनी, चुकलेली भाषांतरेच प्रत्येक वेळी पेवातून निघत होती. आम्ही पेव बंद करून बांधणी केली. तिला पावणेदोन तास लागले, आणि हिशेब बरोबर आला.

साधनाच्या माहितीपत्रकात अशा मध्यस्थ फाईलींविषयी स्पष्ट इशारा आहे, आणि उपायही दिला आहे: तारीख पाहू नये, कंपायलरलाच त्याची आवृत्ती विचारावी आणि ते उत्तर ठशात धरावे. ती व्यवस्था लावताना मी ते वाचावयास हवे होते. वेग मिळाला, एवढ्यावरच मी संतुष्ट झालो होतो. दुसऱ्या दिवशी, ज्या बैठकीत मी तिला बोललो होतो त्याच बैठकीत, चूक माझी होती हे मी सांगितले. परंतु एका होतकरू मुलीला दोन दिवस स्वतःच्या बुद्धीविषयी जी शंका वाटली असेल, ती काही परत घेता आली नाही.

पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतो, मगच पाय टाकतो. साठविलेल्या उत्तरांच्या बाबतीतही हाच शहाणपणा हवा.

याचा अर्थ पेव वापरू नये, असा मुळीच नव्हे. त्याच्या मर्यादा मात्र ओळखाव्यात. पहिल्या बांधणीत त्याचा लाभ नसतो. उलट ठसे काढणे आणि साठविणे यांत थोडा वेळ अधिकच जातो. सारे तुकडे शेवटी जोडण्याचे काम ते वाचवीत नाही. सीकॅशे मुख्यतः सी आणि सी++ या भाषांच्या कुळासाठी आहे. इतर भाषांसाठी निराळी साधने आहेत. पेवाला जागेची मर्यादा असते. आपण काही सांगितले नाही तर ती सुमारे पाच गिगाबाइट धरली जाते, आणि ती भरली की फार दिवसांत न लागलेली भाषांतरे काढून टाकली जातात. मोठ्या कामाला एवढी जागा अपुरी पडते. आज साठविलेले उद्या हाकलले जाते, आणि मग हे साधन निरुपयोगी आहे असा समज होतो. म्हणून पेवातून किती वेळा मिळाले आणि किती वेळा रिकाम्या हाताने परतावे लागले, याचा जो हिशेब सीकॅशे स्वतः ठेवते, तो अधूनमधून पाहावा.

अलीकडे एकाच यंत्राचे पेव साऱ्या कचेरीला खुले करण्याची रीत पडली आहे. मोझिलाने लिहिलेले 'एससीकॅशे' हे असेच साधन. गूगलने २०१५ साली सर्वांना खुले केलेले 'बेझल' हेही याच तत्त्वावर उभे आहे. रात्री एका यंत्राने सारी बांधणी करून पेव भरून ठेवावे आणि सकाळी येणाऱ्या प्रत्येकाने त्यातून घ्यावे, अशी व्यवस्था लावता येते. वेळ वाचतो, वीजही वाचते. मात्र अशा पेवात भर घालण्याचा अधिकार एका विश्वासू यंत्राकडेच ठेवावा, इतरांना केवळ घेण्याची मुभा असावी. एकाने टाकलेला किडका दाणा साऱ्या गावाच्या पोटात जातो, हे येथेही खरे आहे.

आमच्या गटात त्या प्रसंगानंतर एक नेम पडला. रोजचे काम पेवाच्या आधाराने चालते. परंतु जे गिऱ्हाइकाच्या हाती जावयाचे, त्याची बांधणी पेव बाजूला ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नव्याने होते. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा हात बांधून बसतो. पण ते बसणे आता कोणाला जड वाटत नाही. हा नेम सुचविला तो त्या नांदेडच्या मुलीने; आणि ती आज स्वतः एका गटाची प्रमुख आहे. तिच्या हाताखाली आलेला नवशिक्या जेव्हा म्हणतो की दोष आपल्या मजकुरात नाही, तेव्हा ती त्याला प्रथम एकच प्रश्न विचारते: 'हे उत्तर आजचे आहे की कालचे?'